या आठवड्यात वेस उघडेल

जानरावच्या वस्तऱ्यानं माझा उजवा गाल संपवला होता आणि डाव्या गालावरचा साबण वाळत आला होता, तेव्हा मागच्या बाकावरून खुशालराव म्हणाले, "आले बाप्पा! अकोल्यावाले वेशीशी आले. अन् दिसतात कसे, पाहा."

"कसे दिसतात?" जानरावनं वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर ओढत विचारलं.

"मेल्यासारखे. आणखी कसे दिसतीन? अकोल्याच्या उन्हात माणूस जिता असला काय अन् मेला असला काय, सारखाच दिसते."

"तुमची सासुरवाडी तिथलीच नं?"

"म्हणूनच तं सांगून राहिलो."

दुकानात हशा झाला. मीही हसलो असेन. मग खुशालरावांनी सगळ्यांना दिसावं म्हणून आमच्या साप्ताहिकाचा अंक उंच धरला आणि मला आरशात सहावं पान उलटं दिसलं. उलटं दिसलं म्हणूनच ते अंगावर आलं. आमची चित्रं करणारा धर्मपाल लाकडावर कोरतो तेव्हा चित्र असंच उलटं असतं, आणि गेल्या दोन वर्षांत त्याचे ठसे मी छापलेल्या चित्रांपेक्षा जास्त वेळा पाहिले आहेत. खालच्या कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढी चीर होती. गर्दीत पंधरा-वीस तोंडं, प्रत्येकाचे डोळे पांढरे, बुबुळांशिवायचे. ती अकोल्याची माणसं नव्हतीच. तो आमच्या चित्रकथेतल्या उठलेल्यांचा जुना ठसा होता, आणि त्याच्याखाली छापलं होतं: अकोल्याची माणसं वेशीशी आली. मी उठून उभा राहिलो. "मास्तर, अर्धी राहिली!" जानराव वस्तरा हातात घेऊन म्हणाला. मी "येतो" म्हणालो, टॉवेलनं साबण पुसला आणि वैशाखाच्या उन्हात बाहेर पडलो. घड्याळात साडेआठ झाले होते. अकोल्याचा गठ्ठा नऊच्या गाडीनं जातो हे मला माहीत होतं. त्या गठ्ठ्याच्या आधी मी तिथं पोचू शकत नव्हतो. फार तर त्याच गाडीनं जाऊ शकत होतो.

त्या चित्रकथेबद्दल सांगायला मला अजून संकोच वाटतो. तीस वर्षं मी मुलांना मराठी आणि संस्कृत शिकवलं, निवृत्त झाल्यावर एका साप्ताहिकाची प्रुफं तपासू लागलो, आणि एक दिवस मालक कमलाकांत म्हणाले की सहावं पान रिकामं राहते, काहीतरी लोकांना खेचणारं लिहा. मी घरी जाऊन जे लिहिलं ते मला कुठून आलं हे मी कोणाला सांगितलं नाही. एक साथ येते. साथीत मेलेली माणसं तिसऱ्या दिवशी उठतात आणि चालू लागतात. ती बोलत नाहीत, ओळखत नाहीत, आणि ज्याला शिवतील तो तीन दिवसांत त्यांच्यातला होतो. लोक त्यांना 'उठलेले' म्हणतात. सगळा वऱ्हाड ओस पडतो आणि दोनच ठिकाणी माणसं उरतात. अमरावतीची माणसं गावाच्या जुन्या दगडी परकोटाच्या आत, वेशी लावून. आणि अकोल्याची माणसं एका जिनिंग कारखान्याच्या आवारात, रुईच्या गठाणी रचून केलेल्या भिंतीमागे. मधे साठ मैल काळी जमीन आणि तिच्यात हिंडणारे उठलेले. सुरुवातीला दोन्हीकडची माणसं एकमेकांना धरून होती. इकडून ज्वारीच्या गाड्या जायच्या, तिकडून रॉकेल यायचं. मग एक गाडी माणसांशिवाय परत आली, नुसते बैल. अमरावती म्हणाली अकोल्यानं लुटलं. अकोला म्हणाला तुम्ही पाठवलीच नाही. तेव्हापासून तीन महिने प्रत्येक गुरुवारी दोन्ही गावं लढाईकडे एक एक पाऊल सरकत होती आणि लोक सलूनमध्ये, हॉटेलात, कचेरीच्या व्हरांड्यात ते वाचत होते. खाली माझं नाव नसायचं. 'एक अमरावतीकर' एवढंच. खुशालरावांनी एकदा माझ्याच तोंडावर म्हटलं होतं की हा लिहिणारा कोणी तरणाबांड, तिखट डोक्याचा माणूस असला पाहिजे. मला त्या दिवशी इतका आनंद झाला की मी घरी येऊन आडवा पडलो.

चित्रं धर्मपाल कोरायचा. अकोल्याला एका प्रेसिंग कारखान्यात तो गठाणींवर मारायचे लाकडी छाप तयार करतो. उलटी अक्षरं, उलटे आकडे, उलटे हत्ती-घोडे. पातूरच्या शाळेत तो माझा विद्यार्थी होता. जुन्या दारांच्या सागवानी फळ्यांवर तो कोरतो आणि दर सोमवारी ठसा जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून अमरावतीला घेऊन येतो. सोमवारी त्यानं आणलेला ठसा आता माझ्या घरी, कोशाच्या खंडांमागे होता. मी तो काढला, कापडी पिशवीत टाकला आणि टांगा केला. शेजारच्या बाईनं माझ्या गालाकडे पाहून पदर तोंडाला लावला, हे मला दिसलं. पण परत आरशासमोर उभं राहायची माझ्यात हिंमत नव्हती.

बडनेऱ्याला गाडी बदलावी लागते. फलाटावर मी शेवटच्या डब्यापर्यंत चालत गेलो. गठ्ठा तिथंच होता, सुतळीनं आडवा-उभा बांधलेला, वर धर्मपालच्या वस्तीतल्या वाचनालयाचं नाव. वीस अंक. मी हात लांब केला असता तर पोचला असता. वीस अंक एका नाल्यात पडले तर कोणाचं काय बिघडणार होतं? गार्डनं विचारलं, "काय पाहिजे, बुवा?" मी म्हणालो, "काही नाही." आमचं हे बोलणं इतकं लहान, की गार्ड ते मुर्तिजापूर यायच्या आत विसरला असेल. मी तिसऱ्या वर्गात जाऊन खिडकीशी बसलो आणि काय सांगायचं ते ठरवायला लागलो. ठसा फुटला. हे सगळ्यात सोपं होतं. लाकूड आहे, उन्हाळा आहे, छापताना दाब जास्त झाला, उभा फुटला, वेळ नव्हता, हाताशी दुसरा ठसा तेवढाच होता, कोणाच्या लक्षात आलं नाही. मी हे मनात तीन-चार वेळा म्हटलं. दर वेळी एखादा तपशील वाढत गेला, आणि कुरुम गेलं तेव्हा मला सागवान फुटल्याचा आवाजसुद्धा ऐकू आला होता. पिशवी माझ्या मांडीवर होती. आतला ठसा अखंड होता. त्याचा एक कोपरा माझ्या पोटाला टोचत होता.

धर्मपालचं म्हणणं एवढंच होतं की वेस उघडा. तीन आठवड्यांपूर्वी छापखान्याच्या ओट्यावर बसून तो म्हणाला होता, "मास्तर, किती दिवस लोक बाहेर उभे ठेवता? रुईच्या भिंतीमागं खायाले उरलं नाही. लेकरं घेऊन येतीन ते चालत. हात उघडे दाखवतीन. आता तरी वेस उघडा नं." तो हे असं म्हणत होता की जणू ती माणसं खरोखर होती आणि मी तिथला कोतवाल होतो. मला बरं वाटलं. कोणीतरी मला काही मागत होतं आणि ते देणं माझ्या हातात होतं. मी म्हणालो, "या आठवड्यात नाही, पण तिसऱ्या आठवड्यात वेस उघडेल. शब्द देतो." त्यानं विचारलं, "तं मग वेशीशी सगळ्यात पुढं मी मायले ठेवू का? तिचं तोंड पानावर चांगलं उठते." मी म्हणालो, ठेव. आणि सोमवारी त्यानं जो ठसा आणला तो मी प्रकाशात धरला तेव्हा बराच वेळ खाली ठेवला नाही. पंधरा-वीस माणसं, थकलेली, पायांना चिंध्या. आणि पुढे त्याची आई मनकर्णाबाई, कपाळावर गोंदण, दोन्ही तळहात उघडे, आणि डोळे. त्या डोळ्यांच्या बाहुल्या त्यानं इतक्या बारीक कोरल्या होत्या की त्या माझ्याकडे पाहत होत्या. "सांगून ठेवलं मी मायले," तो म्हणाला. "वस्तीभर सांगत फिरते म्हातारी, पेपरात येऊन राहिली म्हणून. गुरुवारी सारे वाचनालयात जमतीन."

मग काय झालं? मग कमलाकांतांनी ठसा पाहिला आणि म्हणाले, "हे कोण? हे तं आपल्या शेजारचे लोक वाटतात. यांच्यावर वरून दगड कोण टाकीन, मास्तर?" मी म्हणालो की दगड टाकायचे नाहीत, वेस उघडायची आहे. असं मी म्हणालो का? मला वाटतं म्हणालो. ते म्हणाले, "वेस उघडली की कथा संपली. लोक लढाईची वाट पाहून राहिले." एवढंच झालं होतं. मालकानं ठरवलं आणि प्रुफं तपासणाऱ्यानं ऐकलं. गाडी माना स्टेशनात उभी होती तोवर मला हे पुरेसं वाटत होतं.

मुर्तिजापूरला एक बाई टोपली घेऊन चढली, समोर बसली, आणि माझ्याकडे सरळ पाहत म्हणाली, "बुवा, न्हावी मेला का तुमचा अर्ध्यात?" डबा हसला. "बोलत नाहीत जी हे," ती शेजारणीला म्हणाली, "मलेच पाप लागीन." मी खिडकीबाहेर पाहिलं. पऱ्हाट्या उपटून रिकामी झालेली शेतं होती, आणि दूर बांधावर एक माणूस चालत होता. उन्हाच्या लाटेत त्याचे पाय दिसत नव्हते. एकोणीसशे अठरा सालच्या तापात आमच्या धाकट्या काकांना नेलं तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. त्या पंधरवड्यात एकेका घरातून दोन-दोन तिरड्या निघत होत्या, रडायलाही माणसं पुरत नव्हती. काकांना सकाळी नेलं. दुपारी दार वाजलं. खांदेकरी आधीच धावत परतले होते आणि ओसरीवर सांगत होते की तो सरणावर हलला, उठून बसला. दार वाजतच राहिलं. बाहेरून काका म्हणत होते, अण्णा, मी आहे, पाणी द्या. वडील कडीवर हात ठेवून उभे होते. मसणातून परत आलेल्याला घरात घेत नाहीत. तो गेलेला असतो, परत येतो ते दुसरं काही असतं, असं आजी आतून म्हणत होती. वडील म्हणाले, "तो आपला नाही." काकांनी आजीचं नाव घेतलं, काकूचं घेतलं, आणि शेवटी माझं. "हरी, कडी काढ रे." मी वडिलांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली नाही, काहीच केलं नाही, नुसतं माझ्याकडे पाहिलं, आणि मी जागचा हललो नाही. ऊन उतरेपर्यंत दार वाजत होतं. दोन दिवसांनी काका ओढ्याकाठच्या धर्मशाळेत सापडले आणि त्यांना पुन्हा नेण्यात आलं. घरात यावर कधी कोणी बोललं नाही. काकूसुद्धा नाही. उठलेल्यांची कथा मला तिथून आली. फक्त मी ती उलटी लिहिली होती. माझ्या कथेत दार लावणारे बरोबर होते.

आणि तो नियमही मीच घातला होता, पहिल्या दोन-तीन अंकांतच. बाहेरून आलेल्याला शिवायचं नाही. त्याला द्यायचं धान्य वेशीबाहेर जमिनीवर ठेवायचं, चार पावलं मागे यायचं, मग त्यानं ते उचलायचं. वाचकांना ते फार पटलं. धर्मपालनं ते प्रुफात वाचलं आणि विचारलं, "हे तुमाले सुचलं कसं, मास्तर?" मी म्हणालो, "सुचलं." तो हसला आणि ठशाची शाई पुसू लागला. तो का हसला हे मला दोन वर्षं कळलं नव्हतं, आणि काटेपूर्णेच्या पुलावर गाडी आली तेव्हा एकदम कळलं. पातूरच्या शाळेत तो ओसरीवर बसायचा. त्याच्यासारखी चार मुलं ओसरीवर बसायची आणि खिडकीतून फळा पाहायची. बाकीचे मास्तर त्यांच्या पाटीकडे बघतसुद्धा नसत. मी पुस्तकं द्यायचो. माझी स्वतःची. मला त्याचा अभिमान होता, आजही आहे, की एकशे सात पुस्तकं त्या मुलानं माझ्याकडून नेली. मी पुस्तक उंबऱ्यावर ठेवायचो. चार पावलं मागे यायचो. तो उचलायचा. मी कधी त्याच्या हातात पुस्तक दिलं का, हे आठवायचा मी प्रयत्न केला. तीन वर्षांपूर्वी त्याच्या घरच्यांनी बौद्ध दीक्षा घेतली, मी पत्र लिहून अभिनंदन केलं, छापखान्यात आम्ही एका ओट्यावर बसून चहा प्यालो. आणि तरी दर सोमवारी तो ठसा टेबलावर ठेवायचा आणि मी टेबलावरून उचलायचो. टेबल मधे होतं म्हणून, मला वाटायचं.

अकोल्याच्या फलाटावर तो उभा होता. पांढरा सदरा, केस ओले करून मागे फिरवलेले. गार्डकडून गठ्ठा घेऊन त्यानं खांद्यावर टाकला आणि मला पाहिलं. "मास्तर! तुमी? आज काहून?"

"सहज आलो."

"सहज? वैशाखात?" मग त्याचं लक्ष माझ्या गालाकडे गेलं आणि तो मोठ्यानं हसला. "अन् हे काय? दाढी अर्धीच? मायची तस्वीर पाहाले एवढी घाई झाली?"

मी काहीतरी म्हणालो. तो चालू लागला, मी त्याच्या बाजूनं. त्याला वाटलं होतं की मी मनकर्णाबाईंसाठी आलो आहे. स्टेशनापासून वस्ती दीड मैल आहे. रस्ता कापसाच्या बाजारावरून, कारखान्यांच्या लांब पत्र्यांच्या भिंतींमधून जातो. गठ्ठा त्याच्या उजव्या खांद्यावर होता, माझ्या डोक्याजवळ. नव्या शाईचा वास येत होता. "तू पाहिला नाहीस?" मी विचारलं. "अं हं. मायनं सांगतलं, सुतळी मी कापीन. सकायपासून नवं लुगडं नेसून बसली आहे." थोडं पुढे गेल्यावर तो म्हणाला, "गावात विहीर बंद केली नं आमची, दीक्षा घेतल्यावर. तवापासून इकडे आणली तिले, पण तिचं मन लागत नाही. म्हणते, गाव कसं आहे, सांग. मी म्हणालो, माय, यावेळी पाह्य, वेस उघडते तुयासाठी." आणि मग त्यानं माझ्याकडे वळून विचारलं, "उघडली नं, मास्तर?"

मी म्हणालो, "वाचशील नं."

तिथं सांगायला हवं होतं. रस्त्यावर कोणी नव्हतं. मी पिशवी उघडून सगळं सांगितलं असतं तर त्यानं गठ्ठा कुठल्याही कारखान्याच्या नालीत टाकला असता आणि आईला सांगितलं असतं की अंक आला नाही. दीड मैलात मला वेळ कमी नव्हता. पण त्या वेळी माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. सोमवारची ती दुपार मी पुन्हा पाहत होतो, कमलाकांतांची खोली, पंखा, दौत, आणि मला दिसलं की कमलाकांत म्हणाले होते, "मग आता चित्र कोणतं लावू? दुसरा ठसा कोराले वेळ नाही," आणि ते खरोखर अडले होते. ते चित्र न लावता मजकूर छापायला तयार होते. जुना ठसा त्यांना आठवतही नव्हता. कपाटातल्या खालच्या खणात उठलेल्यांचा ठसा आहे हे मी सांगितलं. मला घरी जायचं होतं. मला ते बोलणं संपवायचं होतं. मी म्हणालो, "तो आहे की. गर्दी ती गर्दी." आणि ते म्हणाले, "वा मास्तर!" मग मी तिथंच बसून मजकूर बदलला, माझ्या चांगल्या अक्षरात, आणि मंगळवारी त्याची प्रुफं स्वतः तपासली. एक अनुस्वार राहिला होता, तो घातला.

वाचनालय म्हणजे पत्र्याची एक लांब खोली. आत सतरंजीवर वीसेक माणसं बसली होती, बायका एका बाजूला. भिंतीवर एक तसबीर, खाली ताजं फूल. मनकर्णाबाई मधोमध बसल्या होत्या, हिरवं लुगडं, केस चापून बसवलेले. मला पाहून त्या उठायला लागल्या. "मास्तर आले! धर्मा, मास्तरले पाणी दे." धर्मपालची बायको शालू पाण्याचा गडू घेऊन आली. मी प्यालो. मग मनकर्णाबाईंनी मांडीखालून विळा काढला, सुतळी कापली, वरचा अंक काढून शालूला दिला. "वाच माय. हळू वाच. सारेले ऐकू येऊ दे."

शालू सातवी शिकलेली आहे. तिनं पान उलटलं, चित्राकडे पाहिलं, आणि थांबली. मग तिनं वाचलं, कारण सगळे वाट पाहत होते. "अकोल्याची माणसं वेशीशी आली. अमरावतीच्या माणसांनी परकोटावरून खाली पाहिलं. खालच्यांच्या डोळ्यांत बाहुल्या नव्हत्या. ही आता माणसं उरलेली नाहीत, म्हातारा कोतवाल म्हणाला. वेस उघडली नाही. पहिला दगड—" तिथं तिनं अंक मिटला. "पुढं?" कोणीतरी विचारलं. "पुढं पुढच्या गुरुवारी," ती म्हणाली.

अंक हातोहात फिरू लागला. तो माणसांकडून माणसांकडे जात होता आणि ज्याच्या हातात जाई तो एकदा चित्राकडे पाही आणि एकदा मनकर्णाबाईंकडे. एक माणूस चष्मा नाकावर दाबून बराच वेळ पाहत राहिला आणि मग माझ्याकडे. शेवटी मनकर्णाबाईंनी तो ओढून घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. "यातली मी कोणती?"

शालूनं पदर सारखा केला.

"अरे सांगा नं, कोणती? पुढची का?" त्यांनी बोट ठेवलं. पुढं एक उठलेली बाई होती, तोंड उघडं, हात लोंबलेले. "हेच का मी? धर्मा, मग मले डोये काहून नाहीत रे?"

धर्मपालनं अंक घेतला. त्यानं फक्त खालचा कोपरा पाहिला, ती चीर, तांदळाच्या दाण्याएवढी. त्याची होती ती, पहिल्याच वर्षी पटाशी घसरून पडलेली. मग तो आईशेजारी उकिडवा बसला आणि अगदी सांभाळून, जसं आजारी माणसाला विचारावं तसं त्यानं मला विचारलं, "ठसा फुटला का, मास्तर?"

मी म्हणालो, "हो."

"प्रेसमंदी?"

"हो. दाब जास्त झाला. उन्हानं वाळलं होतं लाकूड."

"होते असं," तो आईकडे वळून म्हणाला. "सागवान उभं फुटते, माय. हातात दुसरा नसन म्हणून जुनाच लावला त्यायनं. चुकीनं झालं." आणि खोलीत कोणीतरी श्वास सोडला, बायका हलल्या, त्या माणसानं चष्मा काढला. शालू म्हणाली, "तरी मी म्हणतच होते, असं कसं होईन." मनकर्णाबाईंनी अंक मांडीवर ठेवून हातानं सारखा केला. सगळं ठीक होत आलं होतं. मला फक्त उठायचं होतं, चारची गाडी होती. आणि धर्मपाल हसून म्हणाला, "मग तुकडे द्यायलेच आले नं तुमी एवढ्या उन्हात? अन् सांगत नाही रस्ताभर. द्या इकडे. सरस लावून जोडतो मी आजच, पुढच्या अंकात छापा. मायची तस्वीर राहू नये." आणि त्यानं हात पुढे केला.

त्यानं माझी पिशवी पाहिली होती. तिच्यातला चौकोन दिसत होता. मी म्हणू शकलो असतो की हे पुस्तक आहे. मी वडिलांना शोधल्यासारखं खोलीत इकडेतिकडे पाहिलं, की कोणी मला सांगेल काय करायचं ते, पण तिथं माझ्याहून वयानं मोठ्या फक्त मनकर्णाबाई होत्या, आणि त्या माझ्या हातांकडे पाहत होत्या. मी पिशवीत हात घातला. वर्तमानपत्राचा कागद सुटला. ठसा बाहेर काढला. पत्र्याच्या फटीतून ऊन आत येत होतं, त्यात तो पूर्ण दिसला: पंधरा-वीस माणसं, गोंदण, उघडे तळहात, बाहुल्या, कुठंही भेग नाही, शाईचा एक डागसुद्धा नाही. तो कधी छापलाच गेला नव्हता. मला तो धर्मपालच्या हातात द्यायचा होता. मी तेच करायला वाकलो होतो, हे मी शपथेवर सांगेन.

"हे तं साबूत आहे," मनकर्णाबाई म्हणाल्या.

शालू एकदम उठून बाहेर गेली. धर्मपालनं ठशाकडे पाहिलं नाही. तो माझ्याकडे पाहत होता, आणि त्याचा हात अजून तसाच पुढे होता, रिकामा. ठसा खाली होता, आम्हा दोघांच्या मधे, सतरंजीवर, जिथं मी तो ठेवला होता. आणि मी मागे सरकलो होतो.